कंसातलं

टीव्हीत अकरा वाजतात
आणि इथे उंड्रीत, चौथ्या मजल्यावर,
माझी तर्जनी खुर्चीच्या हातावर ताठ उठून बसते.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तिला कुणी कळवलं नाही.

प्रश्न क्रमांक एकसष्ट. माननीय मंत्री
उत्तराची प्रत सभापटलावर ठेवतात.
मी कप ठेवते.
मागून कुणीतरी ओरडतं, कोण ते दिसत नाही,
कॅमेरा अध्यक्षांवरच खिळलेला.
आम्हाला दिसायचं. सभागृहाच्या मधोमध, खोलात,
सगळ्यांच्या चपलांच्या उंचीवर आमचं टेबल.
पाच मिनिटांचा टर्न, मग दुसरी येऊन शेजारी टेकायची,
तिची पेन्सिल धावू लागली की मी उठायचे
अर्धं वाक्य तिच्या ओंजळीत टाकून.
एकतीस वर्षांत एकही भाषण
मी शेवटपर्यंत ऐकलं नाही.

नारायण पेठेत खांबेटे मास्तर लघुलेखन शिकवायचे:
रेघ एकच, पोरींनो. बारीक काढली तर क,
दाबून काढली तर ग.
दाब विसरलात तर गरजेचं कर्ज होईल
आणि तसंच छापून येईल.
मी दाबायचे. खालच्या पानावर उमटेपर्यंत.
आता अंगठ्यात जोर नाही,
खुर्चीच्या हातावर सगळं बारीकच उमटतं.

बाराला शून्य प्रहर.
बाराला टँकर.
दस्तगीर खालून हॉर्न देतो, दोन लांब, एक आखूड.
गुंदेचा सेक्रेटरी गॅलरीतून: काल अर्धाच होता!
दस्तगीर: अर्धा नव्हता शेठ, तुमची टाकी गळते.
टीव्हीत एक सदस्य, पहिल्यांदाच निवडून आलेले असावेत,
कागद थरथरतोय,
सांगतायत की त्यांच्याकडे हातपंपाला तांबडं पाणी येतं, पोरांचे दात...
माईक बंद.
ओठ हलत राहतात.
माझी बोटं वरचं लिहितायत की खालचं
माझं मलाच कळेना.

जेवणानंतर विधेयक. भूजलाचं निघालं.
कलम दोन ते सतरा विधेयकाचा भाग व्हावीत,
अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.
होय.
प्रतिकूल असतील ते तर फलक धरून हौद्यात उभे,
त्यांचं नाही गोंधळात गेलं
आणि गोंधळाला आमच्याकडे एकच शब्द, कंसात:
व्यत्यय.
काय सोयीचा शब्द होता तो!
शेर, शिव्या, आकडेवारी, एका बाईंचं रडू,
एकदा एका म्हाताऱ्या सदस्याचं नुसतंच
'अहो मला ऐकू येत नाहीये'.
सगळं त्या कंसात झोपवलं मी, पांघरूण घालून.

अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.
आमची टाकी भरायला चौदा लागतात.

आणि वगळलेलं?
'हे कामकाजातून काढून टाका' म्हटलं की ताऱ्यांची ओळ घालायची.
पण बोटांना कुठे वगळता येतं?
रात्री पोळ्या लाटताना पोळपाटावर यायचे ते शब्द.
एकदा एक जण एका मंत्र्याला जे म्हणाला होता...
नाही सांगत. वगळलंय.

सहाला तहकूब, उद्या सकाळी अकरापर्यंत.
दस्तगीर दुसरी खेप टाकून वर आला, सहीला.
गुंदेचा लग्नाला गेलेत, काकी, तुम्हीच करा.
पावतीवर 'शेरा' म्हणून एक रिकामी ओळ असते.
मी पेन्सिल घेतली, अंगठा दुखेपर्यंत दाबली.
हे काय, मोडी का?
नाही रे. तुमची टाकी गळते. तू म्हणालास ना दुपारी.
ते कशाला लिहिलंत?
अरे, म्हणालास ना.

तो पावती उलटीसुलटी करत राहिला,
मग मागून बोट फिरवून बघितलं त्यानं,
उमटलंय का.